आसन पुरं झालं होतं

बा, मागच्या महिन्यात नागपूरहून एक प्राध्यापक आले होते. जुन्या मूर्तींचा अभ्यास करतात, असं त्यांनी स्वतःच तीनदा सांगितलं. सालेकसा स्टेशनावर मीच त्यांना उतरवून घेतलं आणि आपल्या वस्तीत आणलं, कारण चौथऱ्यावरचं दगडी आसन पाहण्यासारखं आहे असं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, आसनाच्या कडेवरून बोट फिरवलं, वाकून खालची पावलं पाहिली, मग वर बसलेले सिमेंटचे बुद्ध पाहिले आणि मला विचारलं, "आसन आणि मूर्ती एका हाताची नाहीत. आसन करणारा मधेच गेला का?" मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगतो, आधी सांगितलं तर पुढचं लिहिण्याची उमेद राहणार नाही. असाच प्रश्न पंचवीसेक वर्षांपूर्वी वस्तीनंही विचारला होता आणि तेव्हाही उत्तर मीच दिलं होतं, तुझ्यासमोर. तू पुरं केलेलं काम मी चार लोकांत अर्धवट ठरवलं. ते खोटं होतं हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तू गेलास. म्हणजे आता ते जाणणारा मी एकटाच उरलो, आणि माझ्यावर किती भरवसा ठेवायचा हे तुला मी सांगायला नको.

मी आता पन्नाशीला आलो, बा. लोकांची टिंगल करून पोट भरतो. तीन पुस्तकं झाली, तिन्ही दुसऱ्यांच्या फजितीची. पुढाऱ्यांची केली, हेडमास्तरांची केली, गोंदियाच्या राइस मिलवाल्या शेठांची केली, आपल्याच लोकांतल्या टाय लावून आलेल्यांची तर मन लावून केली. लोक म्हणतात, याच्या जिभेला टाकी लावलेली आहे. ऐकून बरं वाटतं आणि लगेच तू आठवतोस, कारण आपल्या घरात दगडाला टाकी लावण्याचं काम तुझं होतं. तू कुणाची टिंगल केल्याचं मला आठवत नाही. तुझ्याजवळ तेवढा वेळ नव्हता आणि पुढं पुढं तेवढा श्वासही नव्हता.

दरेकसाच्या डोंगराखाली तू रेल्वेच्या ठेकेदाराकडे गिट्टी फोडायचास. दिवसभर घण, आणि संध्याकाळी घरी आलास की पापण्या पांढऱ्या. माय म्हणायची, "पावडर लावून आले पाहा, कोनाच्या लग्नाले चालले जी?" बारीक काम आपल्या लोकांचं नव्हतंच. ते तू खदानीवर आलेल्या एका फिरत्या पाथरवटाजवळ बसून शिकलास, जेवणाच्या सुट्टीत, आपली भाकर त्याला देऊन. मग वस्तीतली जाती-पाटे तुझ्याकडे यायला लागली. त्या पाथरवटानं तुला एक रीतही दिली होती आणि ती तू शेवटपर्यंत सोडली नाहीस. दगड पुरा झाला की तू त्यावर एक टिंब आखून तेवढी जागा न ठोकता ठेवायचास. जातं न्यायला घरची बाई आली की टाकी तिच्या हातात द्यायचास, हातोडा द्यायचास आणि म्हणायचास, "पयला ठोका करनाऱ्याचा, शेवटचा वापरनाऱ्याचा. मार बाई." ती लाजत एक ठोका मारायची, टिंबाचा खड्डा व्हायचा आणि जातं तिचं व्हायचं. तोवर तू त्याला 'माया दगड' म्हणायचास. त्यानंतर त्याचं नावही काढायचा नाहीस. बायका हसत. एकीनं असा ठोका मारला की कडेचा टवका उडाला, तरी तू म्हणालास, "उडू दे. आता तुया आहे."

मी शिकलो तो तुझ्या त्या पांढऱ्या पापण्यांवर. नागपूरला कॉलेजात असताना तिथल्या म्युझियममध्ये जाऊन बसायचो, ज्ञानासाठी कमी आणि सावलीसाठी जास्त. तिथं पहिल्यांदा बुद्ध पाहिले, दगडातले. मग रद्दीवाल्याकडून एक जाड पुस्तक घेतलं, चित्रांचं, पाठीचा पुठ्ठा गेलेला. गोंदियाला मास्तर म्हणून लागलो आणि पहिल्याच रविवारी पॅसेंजरनं घरी आलो तो ते पुस्तक बगलेत घेऊन. मला कुणाला तरी शिकवायचं होतं आणि घरात विद्यार्थी तूच होतास. माय चुलीजवळ भात उतरवत होती. तू धोतराला दोनदा हात पुसलेस आणि तरी पानावर तुझ्या बोटांचे पांढरे ठसे उमटले. अजून आहेत. पुस्तकाला वाळवी लागली, पण ती पानं तिनं सोडली. दगडाची धूळ तिलाही पचली नसावी.

मी उलट्या टोकापासून सुरू केलं, कारण चित्रं तिथं चांगली होती. आधी गांधारचे बुद्ध दाखवले. लाटांसारखे केस, सरळ नाक, अंगावर दोन्ही खांदे झाकणारं जाड वस्त्र आणि त्याच्या चुण्या अशा की धोब्यानं एकेक मोजून घालाव्यात. तू म्हणालास, "हा त साहेब दिसते." मी म्हटलं, तसंच आहे, तिकडं यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, कारागीर होते, त्यांनी आपल्या देवाचे कपडे याला घातले. मग मथुरेचे दाखवले. लाल दगड, रुंद छाती, भरलेले गाल, उजवा खांदा उघडा, वस्त्र इतकं पातळ की आहे की नाही कळू नये, उजवा हात उचललेला. तू लगेच खूष. "हा पहा आपल्यातला. आखाड्यातून उठून आला. याले भूक लागते." मग मी पानं मागं उलटत भरहूतला आलो, सांचीला आलो, आणि मास्तराच्या आवाजात सांगितलं की या दोन्हींच्या आधी दोन-तीनशे वर्षं बुद्धांची मूर्ती कुणी केलीच नाही. झाड केलं, चाक केलं, पावलं केली, छत्री धरलेलं रिकामं आसन केलं. सगळी माणसं हात जोडून बसलेली, आणि ज्याला हात जोडले तो नाही.

सांचीच्या तोरणावर सिद्धार्थ घर सोडून जातो त्याचं चित्र होतं. घोडा चालला आहे, वर छत्री धरली आहे, पाठीवर कुणी नाही. मायनं चुलीजवळून मान लांब करून पाहिलं आणि म्हणाली, "घोडा आहे, छत्री आहे, अन् नवरदेवच नाही. कायची वरात आहे जी ही?" मी खो खो हसलो. तू हसला नाहीस. तू त्या घोड्यावर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिलास. मग मी माझं शहाणपण पुढं रेटलं. म्हटलं, काही विद्वान म्हणतात की आपल्या लोकांना तोवर मूर्ती घडवता येत नसेल, यवन आले तेव्हा शिकले. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी जसा काही पाट्याला वरवंट्याच्या जागी भाकर घासतो आहे. "हत्ती करता आले. बायका करता आल्या, झाडाले झोंबलेल्या, बोटाची नखं दिसून राहिली. घोडा असा केला का आता फुरफुरन. अन् मानूस नाही करता आला? त्याइले सांग, एक दिवस खदानीवर या." मग पान न उलटता म्हणालास, "करता येत होता. केला नाही. हे कठीण आहे, बापू. हात थांबवनं लय कठीण आहे." मला वाटलं, अडाणी माणसाचं बोलणं आहे. पुढं मोठमोठ्या पंडितांनी तेच लिहिलेलं वाचलं, तळटिपांसकट. तेव्हा मात्र मी ते वहीत उतरवून घेतलं. पंडितांचं. तुझं नाही.

मग नागपूरची दीक्षा झाली. आपण सगळे गेलो होतो, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, मायनं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि तुझ्या पापण्या त्या दिवशी धुऊन काळ्या होत्या. परत आल्यावर घराघरातले देव गाठोड्यात बांधले आणि बाघ नदीत सोडले. माय त्यानंतर कित्येक दिवस झाडताना देवांच्या त्या कोपऱ्याशी थांबायची, झाडू आखडता घ्यायची, मग आठवण होऊन पुरा फिरवायची. दोन महिनेही झाले नसतील आणि ज्यांनी दीक्षा दिली तेच गेल्याची बातमी आली. स्टेशनावरच्या तारबाबूनं सांगितलं, रूळ तपासायच्या कामावरचे गँगमनकाका, आपल्या वस्तीचे पुढारी, रुळावरून पळत वस्तीत आले, आणि वस्तीत त्या दिवशी चूल पेटली नाही. ते आपल्याकडे सभेला येतील या आशेनं वस्तीनं गोंदियाहून एक हातांची खुर्ची आणून ठेवली होती. ती समाजघरात तशीच राहिली. कुणी तिच्यावर बसलं नाही, कुणी ती हलवली नाही. तू गिट्टीवरून येताना रोज तिथं थांबायचास, हे मला मायनं सांगितलं. हे मी तेव्हाच जोडून पाहायला हवं होतं. मी शिकलेला होतो, मला जोडून पाहायची सवय नव्हती.

थंडी सरताना गँगमनकाकांनी बैठक घेतली. चौथरा बांधून झाला होता, निशाण लागलं होतं, वैशाखी पौर्णिमेला मूर्ती बसवायची असं ठरलं, पण नागपूरच्या मूर्तिकारांकडे गावोगावचे लोक रांगेत उभे होते. तेव्हा तू कोपऱ्यातून म्हणालास, "मी करतो." वस्तीला असा आनंद झाला की म्हाताऱ्या माणसांनी तुझ्या पाठीवर थापा मारल्या आणि तुला खोकल्याची उबळ आली. आपलाच माणूस आपला बुद्ध घडवणार. गँगमनकाकांनी कॅलेंडरातलं चित्र कापून तुला दिलं. मिटलेले डोळे, गुलाबी गाल, डोक्यामागं पिवळं चक्र. "दादा, हुबेहूब असा पायजे." तू चित्र नीट घडी करून पगडीत खोचलंस. डोंगराच्या पायथ्याचा एक करडा, चिवट दगड तू ठोकून ठोकून, कान लावून निवडलास आणि बैलगाडीवरून मोहाच्या झाडाखाली आणून टाकलास. गोंदियाच्या डॉक्टरानं तुझी छाती ऐकून मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता दगडाचं काम बंद. मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "हा एक. मंग बंद." आणि तसंच झालं.

मी रविवारी यायचो तेव्हा दगडावर पोती झाकलेली असायची. होळीनंतर एकदा तू स्वतःच पोतं उचललंस. खाली दोन पावलं होती, शेजारी शेजारी, सपाट, बोटं एका रांगेत, तळव्यांवर चाकं. त्यामागं चौकोनी आसन, उशीसारखी फुगलेली कड, कडेवरून गेलेली कमळाची वेल, पाठीच्या दगडावर एक झाड आणि झाडावर छत्री. मी खरंच थक्क झालो आणि खरंच म्हणालो, "बा, लय बेस झालं. आता मूर्ती कधी बसवतोस वर?" तू म्हणालास, "झालं. वर काई नाही." मला आधी वाटलं तू दमलास. मग कळलं की तू त्या पुस्तकातलं पान इथं आणून ठेवलं आहेस.

मी चिडलो. म्हटलं, लोक मूर्तीची वाट पाहून राहिले आणि तू त्यांना काय देणार? तू दगडाला टेकून बसलास आणि धाप लागत लागत जेवढं बोललास तेवढं त्याआधी सबंध वर्षात बोलला नसशील. "देवाचं तोंड मी जवळून कधी पाह्यलंच नाही, बापू. तलावावरच्या देवळाच्या सात पायऱ्या म्या केल्या. पाथरवट भेटला नाही म्हनून मले बलावलं. सातवी पायरी झाली अन् मी म्हटलं, शेवटचा ठोका तुमचा, मारा मालक. तर म्हने, हो तिकडे. माया हातावर वरून गूळ टाकला अन् पायऱ्यावर पानी. ते टिंब अजून तसंच आहे. म्हनून मले पायऱ्या येतात, पाय येतात. तोंड कुठून आनू? कॅलेंडरातून?" मी म्हटलं, आता तसं राहिलं का? आता देव आपला आहे, कुणी अडवणार नाही. तेव्हा तू जे बोललास ते मी कुठंच लिहिलं नाही, तीन पुस्तकांत कुठंच नाही. "आज नाही अडवनार. पन मूर्ती आली का कोनी ना कोनी तिच्यासमोर दोरी बांधनच. आपलाच मानूस बांधन. म्हनन, तू इथपर्यंत ये, तू नोको येऊ. रिकाम्या जागेले कोन दोरी बांधते? कोनाची आहे ते पाहून सगळे येतीन, कोनी ना कोनी आठवन काढन. समाजघरातली खुर्ची पाहत नाही का तू?" मी पाहिली नव्हती. मी मान हलवली, म्हटलं, ठीक आहे, पौर्णिमेला मी लोकांना नीट समजावून सांगीन. मास्तर आहे, माझं ऐकतील. ते आश्वासन मीच दिलं, बा. तू मागितलं नव्हतंस.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी नऊलाच उन्हाचे चटके बसत होते. तेंदूपत्त्याचे दिवस, तरी वस्तीतलं एकही माणूस जंगलात गेलं नाही. शेजारच्या तीन गावांतून लोक आले, पांढरे कपडे, हातात मोगऱ्याच्या माळा, मूर्तीच्या गळ्यात घालायला आणलेल्या. गँगमनकाकांनी त्रिशरण म्हटलं, मग पोती उचलली. आणि मग काहीच झालं नाही. लोक वाट पाहत होते. वाटलं असेल की आणखी एक पोतं उचलायचं आहे. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी आजी पुढं आली, डोळ्यांवर हात धरून तिनं आसन पाहिलं आणि विचारलं, "मूर्ती कुठी आहे बापा?" मागून एक तरुण पोरगा म्हणाला, "आंघोळीले गेली असन." हशा झाला. बा, तो विनोद चांगला होता. मला हसू आलं, मी ते दाबलं, पण आलं. माझ्या धंद्याची सुरुवात तिथून झाली असं मी धरतो.

तू कंबरेची टाकी काढलीस, हातोडा घेतलास आणि दोन्ही आजीपुढं धरलेस. कमळाच्या वेलीत, अगदी पुढच्या कडेला, एका पाकळीत तू टिंब आखून ठेवलं होतंस. "मार आजी. शेवटचा ठोका. मंग हे तुमचं." आजीनं टाकीकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. तिला वाटलं, काम राहिलं आहे म्हणून हा माणूस म्हातारीला कामाला लावतो आहे. गँगमनकाकांचा चेहरा उतरला होता. "दादा, आमी तुले बुद्ध मांगतला. तू आमाले पाट देल्ला. जेवाले बसाचं का याच्यावर?" आता कुणी हसलं नाही. ते आणखी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "घरचे देव आमीच नदीत टाकले. माया बायकोनं रडत टाकले. मी तिले म्हटलं, थांब, पौर्णिमेले आपला येते. रिकामी जागा त माया घरी बी आहे, दादा. ती पाहाले इथं कायले येऊ?" बा, ते चूक बोलत नव्हते. तूही चूक नव्हतास. मधे बोलायला एकच माणूस होता आणि सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

मी चौथऱ्यावर चढलो. पुस्तक पिशवीत होतं, घोड्याच्या पानात सुतळी घालून ठेवलेलं. मला फक्त ते उघडून दाखवायचं होतं. सांगायचं होतं की ज्यांनी पहिल्यांदा बुद्धांसाठी दगडाला हात लावला त्यांनी असंच केलं. तुमच्यातल्या माणसानं केलं ते खूप जुनं आहे आणि त्याला ते विचारपूर्वक सुचलं आहे. तेवढ्यात तुला उबळ आली. तू वाकलास, आसनाची कड धरलीस, पांढऱ्या धोतरावर लाल पडलं. आणि मला सुटका दिसली. मी म्हणालो, "पाहा, बाची तब्येत अशी आहे. काम अर्धंच झालं. जरा बरं वाटलं का मूर्ती करन. हे खालचं आसन आहे." वस्तीच्या तोंडावरून राग असा उतरला की जसं पाणी उतरतं. बाया पुढं आल्या, कुणी तुला वारा घातला, आजी म्हणाली, "मंग पयलेच सांगाचं ना बापा, आमी उगाच बोललो." गँगमनकाकांनी तुझे पाय धरले. सगळ्यांनी मोगऱ्याच्या माळा पाठीच्या दगडाला टेकवल्या, मूर्ती येईपर्यंत. तू माझ्याकडं पाहत होतास. मग टाकी कंबरेला खोचलीस, आणि हातोडा मात्र तिथंच विसरलास.

घरी परतताना मी तुझा हात धरला होता. म्हटलं, बा, वेळ मारून नेली, पुढं सावकाश समजावू. तू म्हणालास, "बराबर सांगतलं, मास्तर." बस्स. सबंध जन्मात मला तू बापू म्हणालास. त्या दिवसापासून मास्तर. माय एकदा रागावली, "पोराले मास्तर काऊन म्हनता जी?" तू म्हणालास, "शिकवते तो मास्तरच ना." भाताच्या रोवणीच्या दिवसांत तू गेलास. लोक चिखलाच्या पायांनी आले आणि प्रत्येक जण मला तेच म्हणाला, बिचाऱ्याचं काम अर्धं राहिलं. मी मान हलवली. पहिल्यांदा मान जड गेली, मग सवय झाली.

दोन वर्षांनी गोंदियाच्या एका कारागिरानं सिमेंटचे बुद्ध करून दिले. केस गांधारचे, गाल मथुरेचे, डोळे कॅलेंडरातले आणि ओठ त्या कारागिराच्या मेव्हणीचे असावेत असे. ते तुझ्या आसनावर बसवले. वस्तीला खरंच समाधान झालं, मायलाही झालं, हे मी टिंगलीनं सांगत नाही. फक्त एवढं झालं की तुझी दोन पावलं पुढं आणि मूर्तीची दोन वर, असे आता चार पाय दिसतात, आणि लहान मुलं विचारतात. मग कुत्रे वर चढतात म्हणून लोखंडी जाळी लागली, जाळीला कुलूप लागलं, आणि किल्ली कुणाकडं असावी यावरून वस्तीत दोन तट पडले. पोटजातीचे, बा. आपल्यातलेच. तू दोरी म्हणाला होतास. आपण लोखंड लावलं, तेवढी प्रगती झाली. त्या वर्षी मी किल्लीवर एक लेख लिहिला. लोक खूप हसले. त्यात तुझं वाक्य घातलं असतं तर लेख तिथंच संपला असता, म्हणून घातलं नाही.

तू गेल्यावर बारा-तेरा वर्षांनी पवनीला टेकडी खोदली, तेव्हा मी बसनं पाहायला गेलो. वैनगंगेच्या काठी, आपल्यापासून एका दिवसाची वाट. मातीतून दगडी कठड्याचे खांब काढून ठेवले होते. त्यातल्या एका खांबावर पाच फण्यांचा नाग होता आणि फण्यांच्या सावलीत आसन. आसनावर कुणी नाही. ज्याच्यावर फणा धरला तो नाही आणि नाग मात्र धरून बसला आहे, दोन हजार वर्षं, मातीत. मी तिथं उन्हात बसलो. यवनांना ज्यानं पाहिलं नव्हतं, मथुरा पाहिली नव्हती, अशा याच मुलखातल्या कुण्या टाकीवाल्यानं तुझंच काम तुझ्याआधी करून ठेवलं होतं. आणि त्याच्या पोरानं त्याला अर्धवट म्हटलं नसावं, कारण लोकांनी त्याला हात जोडलेले शेजारच्याच खांबांवर दिसत होते. मी खुळ्यासारखा त्या खांबावर टिंब शोधत होतो, न ठोकलेलं. पहारेकऱ्यानं हटकलं, "हात नोका लावू जी." मी हात काढून घेतला.

तर प्राध्यापक. त्या दिवशी किल्लीवाला सासुरवाडीला गेला होता, म्हणून त्यांनी जाळीतूनच हात घालून आसनाची कड चाचपली. बोट नेमकं त्या पाकळीवर थांबलं. म्हणाले, "हे पाहा, ही पाकळी राहिली आहे. काम पुरं झालेलं नाही. कोण होता हा?" मी म्हणालो, "माझा बाप." त्यांनी माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "मधेच गेले?" चौथऱ्याखाली वस्तीतले पाचसहा जण उभे होते, त्यात गँगमनकाकांचा नातू होता. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं, माझ्याकडूनच ठाऊक होतं. बा, मी म्हणालो, "हो. तब्येतीनं साथ दिली नाही." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आता ते छापून येईल, तळटिपेत.

त्या दिवशी घरून निघताना तुझी टाकी मी पिशवीत घातली होती. हातोडा नव्हता, तो तेव्हाच कुणीतरी नेला. पण एका ठोक्याला दगडही चालला असता. जाळीतून हात जात होता, प्राध्यापकांचा गेलाच होता. टाकी घेऊन मी घरी परत आलो. मायनं पिशवी रिकामी करताना ती पाहिली आणि तिच्या जागेवर, कोनाड्यात ठेवली.